मदत हवी आहे: टॅब दिलेल्या टेक्स्ट फाईलची एचटीएमएल यादी करताना पायऱ्या चुकतात

नमस्कार मंडळी,

मी परभणी जिल्ह्यात भूगोल शिकवते. मराठवाड्यातल्या नद्या आणि धरणांची एक मोठी टेक्स्ट फाईल केली आहे, प्रत्येक खालची पायरी एक टॅब आत. गोदावरीखाली पूर्णा, पूर्णेखाली येलदरी, सिद्धेश्वर ही धरणं आणि दुधना नदी, दुधनेखाली निम्न दुधना प्रकल्प. मग पुन्हा वर सिंदफणा, तिच्याखाली माजलगाव धरण आणि बिंदुसरा. पुढे मांजरा, तिच्याखाली तेरणा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या स्क्रिप्टने याचं वेबपान करायचंय. लेकरांनी मोबाईलवर नदीवर टिचकी मारली की उपनद्या उघडायला हव्यात.

स्क्रिप्ट ओळीच्या सुरुवातीचे टॅब मोजते. आधीच्या ओळीपेक्षा जास्त असले तर 'यूएल' (यादीचा टॅग) उघडते, कमी असले तर बंद करते. एक पायरी वर येताना सगळं ठीक. पण 'निम्न दुधना'नंतर लगेच 'सिंदफणा' येते, तिथं दोन पायऱ्या वर यायचं असतं आणि यादी एकदाच बंद होते. पानावर सिंदफणा चक्क पूर्णेची उपनदी दिसते! बीडच्या लेकरानं हे वाचलं तर? ब्राउझरही तक्रार करत नाही, उघडे राहिलेले टॅग गुपचूप सावरून घेतो.

यादीऐवजी हेडिंग वापरावं, तर त्याचे टॅग सहाच पातळ्यांचे. माझी फाईल कालवा, तालुका, गाव इथपर्यंत उतरते, तिथं ते पुरत नाहीत. काय करावं?

उत्तर

ताई, पायऱ्या बंद करताना 'इफ' (एकदाच तपासली जाणारी अट) नको, 'व्हाइल' (अट खरी असेपर्यंत पुन्हा पुन्हा चालणारा भाग) घ्या. उघड्या पायऱ्यांचा स्टॅक ठेवा, म्हणजे शेवटी ठेवलेलं आधी निघेल अशी चळत. नव्या ओळीपेक्षा खोल असलेली प्रत्येक पायरी बंद करत या, आधी 'एलआय' (यादीतल्या एका नोंदीचा टॅग), मग 'यूएल'. बरोबरीच्या पायरीवर आलात की तिथला जुना 'एलआय' बंद करून नवा उघडा. फाईल संपल्यावर स्टॅकमध्ये उरलेलं सगळं बंद करायला विसरू नका.

आणखी एक: आतला 'यूएल' नेहमी 'एलआय'च्या पोटात हवा. बरेच जण आधी 'एलआय' बंद करतात आणि मग 'यूएल' उघडतात, ते नियमात बसत नाही.

टिचकीसाठी जावास्क्रिप्टची गरज नाही, 'डिटेल्स' आणि 'समरी' हे टॅग पुरतात. फाईल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ द्या, नाहीतर विंडोजवर मराठी अक्षरांचा चुराडा होतो.

धागाकर्ती

दादा, झालं! सिंदफणा आता थेट गोदावरीखाली आली, मांजराही जागेवर आहे. खूप आभार. पण काही ओळी मोबाईलवर लिहिल्यात, तिथं टॅबऐवजी स्पेस आहेत. चार स्पेसचा एक टॅब धरू का?

उत्तर

धरा. पायथनमध्ये 'एक्स्पांडटॅब्स'ला ४ दिलं की ओळीच्या सुरुवातीचे टॅब स्पेस होतील, मग चारने भागा. बाकी उरली तर स्क्रिप्टला अंदाज बांधू देऊ नका, ओळ क्रमांक छापून तिथंच थांबवा.