एप्रिलच्या सुट्टीत आंजर्ले: घर कुठलं घ्यायचं?

(सोसायटीतल्या मुलांच्या पालकांचा ग्रुप, डोंबिवली. जानेवारीतला शनिवार.)

सी-६०१ दादा, रात्री ९.१२
मंडळी, पोरांची परीक्षा १३ एप्रिलला संपतेय. १५ ते १९ दापोली करू असं परवा खाली बोलणं झालं होतं. मुरूडजवळ एक बंगला मिळतोय. पाच खोल्या, सगळीकडे एसी, मधोमध स्विमिंग पूल, समोर समुद्र. चारही कुटुंबं आरामात मावतील. फोटो टाकलेत. आजच आगाऊ पैसे दिले तर दर कमी करतो म्हणतोय. पाठवू का?

बी-२०२ वहिनी, ९.१५
फोटो मस्तच आहेत. आमचं हो.

ए-४०३ नाना, ९.२१
जिने किती आहेत? आणि तळमजल्यावर कमोड आहे का? हिच्या गुडघ्यांचं बघूनच आम्हाला हो म्हणता येईल.

बी-३०४ ताई, ९.२४
दादा, पैसे लगेच नका पाठवू, प्लीज. धाकट्याला झोपवते आणि सविस्तर लिहिते.

बी-३०४ ताई, १०.०८
मागच्या दिवाळीनंतर आम्ही असंच फोटो बघून घर घेतलं होतं. जागेचं नाव सांगत नाही. पोचलो तेव्हा सगळे दमलेले, मी पिशव्या सोडत होते. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा. तो बाथरूममध्ये गेला आणि आतून कडी लावून घेतली. कडी दाराच्या मधोमध, बरोबर त्याच्या हाताला येईल अशी. लावता आली, काढता येईना. मी बाहेरून सांगतेय, "बाळा, वर उचल आणि मागे ओढ," आणि आत तो हमसून हमसून रडतोय. नळाचा आवाज येत होता, पण पाणी गार की गिझरचं, काही कळायला मार्ग नाही. मालक शहरात, फोन उचलेनात. जागेवर एकटे रखवालदार काका. शेवटी त्यांनीच मागच्या बाजूला स्टूल लावलं, झरोक्याच्या काचेच्या पट्ट्या एकेक करून काढल्या आणि आत उतरले. त्यांचा तळहात चांगलाच कापला. वीस मिनिटं गेली असतील, पण ती वीस मिनिटं मी विसरणार नाही.

तेव्हापासून बाहेरगावी पोचल्यावर माझं पहिलं काम ठरलेलं. बाथरूमच्या दारावर वरून टॉवेल टाकायचा. दार पूर्ण मिटतच नाही, मग कडीचा प्रश्नच येत नाही.

आता या बंगल्याबद्दल. आपली मुलं सहा, त्यातली तीन पाच वर्षांच्या आतली. पूल मधोमध आहे म्हणजे खोलीचं दार उघडलं की समोर पाणी. फोटोत मला त्याच्याभोवती कठडा किंवा जाळी कुठेच दिसत नाही. आपण दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसू, पण पोरं सकाळी आपल्याआधी उठतात. साडेसहाला कोण जागं असणार आहे? आणि मला चार दिवस पहारा करत काढायचे नाहीत, मलाही सुट्टी हवी आहे.

बी-३०४ ताई, १०.११
म्हणून घर बघताना मी आता आधी एकच विचारते: मालक कुठे राहतात? त्याच वाडीत, शेजारच्या घरात राहत असतील तर निम्मी काळजी मिटते. रात्री दोनला ताप आला तर कोणाकडे जायचं, दूध कुठे मिळेल, दिवे गेले तर काय, सगळ्याला माणूस जवळ असतो. समुद्र समोर नसला तरी चालेल, दहा मिनिटं चालू.

सी-६०१ दादा, १०.१९
मुद्दा पटला. पुलाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, उलट पोरं खूश होतील म्हणूनच निवडला होता. त्याला आत्ता मेसेज केला की व्हिडिओ कॉल लावून घर दाखव. "उद्या बघू" म्हणतोय, आणि पैसे मात्र आजच हवेत.

बी-२०२ वहिनी, १०.२०
मग राहू दे. गेटपासून आतपर्यंत चालत दाखवायला खऱ्या मालकाला काय अडचण?

ए-१०२ काकू, १०.३४
मी मगापासून वाचतेय. माझं माहेर दापोलीजवळच्या आंजर्ल्याचं, म्हणून सांगते. तिकडे आणि वेळासला गावातलीच माणसं आपल्या घरात राहायची सोय करतात. वेळासमध्ये तर कासवांमुळे गावाला हा जोडधंदा मिळाला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली तिथे समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, पुढे लोक पिल्लं बघायला येऊ लागले आणि घरोघरी पाहुणे उतरू लागले. माजघरात गाद्या घालून झोपायचं, पडवीत पंगत. मुलांना याच्याइतकं मोकळं घर दुसरं मिळणार नाही. आंजर्ल्यात माझ्या भावाच्या शेजारी अशी दोन घरं आहेत, मधे फक्त आगर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग. दोन्ही मिळून आपण सगळे मावू. विचारू का?

बी-३०४ ताई, १०.३६
विचारा ना काकू! उद्या सकाळी त्यांच्याशी व्हिडिओवर बोलता येईल का?

सी-२०१ डॉक्टर, १०.५२
काकूंचा पर्याय मला आवडला, पण उन्हाळ्यात जुन्या घरांत आणि आगरात विंचू निघतात, हे लक्षात असू द्या. कोकणातला लाल विंचू लहान मुलांना फार धोक्याचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्या विषावर प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली, १९८६ साली त्यांचं हे काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि त्यानंतर कितीतरी मुलं वाचली. पण औषध वेळेत मिळायला हवं. म्हणून अंधार पडल्यावर अनवाणी अंगणात नाही, अंथरूण आणि चपला झटकून घ्यायच्या, मच्छरदाणी गादीखाली खोचायची. चावला तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट दवाखाना. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, घरापासून गाडीने किती वेळ लागतो ते मालकांनाच विचारून ठेवा. तापाचं औषध, ओआरएस आणि थर्मामीटर मी घेते.

ए-४०३ नाना, १०.५५
छान. कमोडचं विसरू नका.

(रविवार)

सी-४०२ सेक्रेटरी, सकाळी ८.४०
आज दुपारी १२ ते ३ टाकी धुणार. पाणी भरून ठेवा.

बी-३०४ ताई, ११.२७
आत्ताच बोलणं झालं. मालकीणबाई फोन हातात धरून रस्त्यापासून आत चालत आल्या, मी न सांगताच. दिसलं ते लिहिते.

विहीर दोन्ही घरांच्या मधे आहे. कठडा माझ्या कमरेएवढा. वर लोखंडी जाळी आहे, तिला कुलूप लागतं. मी कुलूप ओढून दाखवायला सांगितलं, त्यांनी दाखवलं. बाथरूमच्या कड्या उंचावर आहेत. पहिल्या घरात माळ्यावर जायचा लाकडी जिना आहे आणि तो अगदी उघडा, पायऱ्यांच्या मधून मूल सहज जाईल. हे त्यांना सांगितल्यावर म्हणाल्या, तुम्ही याल तेव्हा खाली आडवी फळी ठोकून ठेवते, माझी नातवंडं आली की तेच करतो. पलंग उंच आहेत, म्हणून लहानग्यांसाठी गाद्या जमिनीवर मागितल्या. नाना, दुसऱ्या घराला दोनच पायऱ्या आहेत आणि कमोड खोलीला लागूनच.

सी-६०१ दादा, ११.३१
एसी?

बी-३०४ ताई, ११.३३
एकाच खोलीत आहे. बाकी पंखे, आणि दिवे गेले तर इन्व्हर्टरवर पंखे-दिवे चालतात.

सी-६०१ दादा, ११.३८
एप्रिलमधला तिकडचा घाम सोपा नाही हो. आमची छोटी घामोळ्यांनी रात्रभर झोपत नाही. मी उगाच फाटे फोडत नाहीये, पण मूल झोपलं नाही तर सहल कसली?

बी-३०४ ताई, ११.४१
बरोबर आहे तुमचं. मग एसीची खोली तुम्ही घ्या. झोप हाच माझाही पहिला हिशेब असतो. दुपारी १२ ते ४ कुठेही जायचं नाही, सगळ्यांनी घरी जेवून पडायचं. एका दिवसात हर्णै, सुवर्णदुर्ग, केळशी, कड्यावरचा गणपती असं सगळं बसवायला गेलो तर संध्याकाळी पोरं रडणार आणि आपण त्यांच्यावर ओरडणार. सकाळी एक ठिकाण, संध्याकाळी समुद्र, बास.

ए-४०३ नाना, ११.४४
सोय झाली. आमचं दोघांचं हो.

बी-२०२ वहिनी, ११.५०
समुद्रावर पोरांना पाण्यात कितपत सोडायचं? मला त्याचीच धास्ती वाटते.

ए-१०२ काकू, १२.१६
वेळ बघून सोडायचं. आमच्याकडे जुना हिशेब आहे. त्या दिवशीच्या तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येईल तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती. दशमी असेल तर १० गुणिले ३ म्हणजे ३०, भागिले ४ म्हणजे साडेसात. सकाळी साडेसात आणि रात्री साडेसात. सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. म्हणजे दशमीला संध्याकाळी ५ ला गेलात तर पाणी चढतं असेल, लाट मुलांना किनाऱ्याकडे ढकलते. चतुर्थीला भरती ३ ला, म्हणजे ५ ला पाणी ओसरत असतं आणि आत ओढतं. तेव्हा मुलांनी ओल्या वाळूतच खेळायचं. चढत्या पाण्यातही घोट्याच्या वर नाही, आणि प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस, हातात फोन नसलेला. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, तेव्हा अजून जपायचं. खाडी समुद्राला मिळते तिथे तर कोणत्याच वेळी पाय घालायचा नाही, तिथली ओढ दिसत नाही. बाकी भावाला विचारल्याशिवाय पाण्यात जायचंच नाही, तो रोज समुद्र बघतो.

बी-२०२ वहिनी, १२.१८
काकू, हे मी वहीत लिहून घेतलं. मोठा पाचवीत आहे, त्याच्याकडूनच गणित करून घेते.

सी-२०१ डॉक्टर, १२.३०
कासवाची पिल्लं दिसतील का तेव्हा? मुलीने आत्तापासून धोशा लावलाय.

ए-१०२ काकू, १२.३३
एप्रिलच्या मध्यावर हंगाम सरत आलेला असतो. अंड्यांतून पिल्लं यायला दीड-दोन महिने लागतात, त्यामुळे शेवटची घरटी कधी घातली त्यावर सगळं. निघायच्या आधी भावाला फोन करते. मुलांना आत्ताच कबूल करू नका, नाहीतर तिथे हिरमुसतील. दिसली तर पहाटे किंवा संध्याकाळी सोडतात. टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवायचा, पिल्लं उजेडाकडे वळून वाट चुकतात.

सी-६०१ दादा, १२.४५
जायचं कसं? गाडीने जायचं तर कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो घाट टळतो, पण खेडहून दापोलीपर्यंत वळणंच वळणं. आमची छोटी पनवेलजवळ पळस्प्यालाच उलटी करते.

बी-३०४ ताई, १२.५१
मी तर मांडवी एक्सप्रेसच म्हणेन. ठाण्याला चढू, खेडला उतरू, पुढे दोन मोठ्या गाड्या सांगून ठेवू. रेल्वेत पोरांना हिंडता येतं, खायला मिळतं, शू आली तर थांबवायला सांगायला नको. आता आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. १५ एप्रिलसाठी १४ फेब्रुवारीला सकाळी ८ ला सगळ्यांनी बसायचं. पाच वर्षांखालच्यांना तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही. पाच ते बारामधल्यांना वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. मी तर घेणार, चार तास मांडीवर घेणं शक्य नाही.

सी-६०१ दादा, १२.५३
चालेल. तिकिटांचं मी बघतो. सगळ्यांनी नावं आणि वयं आधारवर आहेत तशीच पाठवा.

बी-३०४ ताई, १.०४
घराचं मग पक्कं करू ना? दर माणशी आहे, दोन्ही वेळचं जेवण आणि नाश्ता धरून. तीन वर्षांखालच्यांचं काही घेत नाहीत, बारापर्यंत निम्मं. आगाऊ रक्कम माझ्या खात्यातून पाठवते, नंतर वाटून घेऊ. काही कारणाने रद्द झालं तर एक आठवडा आधी सांगितल्यास पैसे परत, हे त्यांनी मेसेजमध्ये लिहून दिलंय, स्क्रीनशॉट इथे टाकला आहे. त्या विचारत होत्या, मुलं तिखट कितपत खातात? आणि कोणाला काही चालत नाही असं आहे का?

सी-६०१ दादा, १.०६
छोटीला मेतकूट-भात आणि तूप. बास.

बी-२०२ वहिनी, १.०९
ताई, हे नक्की सांग. आमच्या मोठ्याला काजू चालत नाहीत. ओठ सुजतात, मागे एकदा श्वासही अडला होता. एप्रिलमध्ये तिकडे ओल्या काजूगरांची उसळ घरोघरी असते, आणि भाज्यांच्या वाटणातही काजू असतात.

सी-२०१ डॉक्टर, १.११
हे बरं सांगितलंत. संध्याकाळी माझ्याकडे या, सोबत कोणती औषधं ठेवायची आणि कधी द्यायची ते नीट बोलू. चारही घरांतल्या मोठ्यांना हे माहीत हवं, फक्त तुम्हाला नाही.

बी-३०४ ताई, १.२६
आत्ता फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, आपण असू ते चार दिवस काजू घरात आणणारच नाही, आणि वाटणाला मिक्सरचं नवीन भांडं काढते. पैसे पाठवले.