विमानाचा मेकॅनिक व्हायचंय, बाईकच्या कामाचा अनुभव उपयोगी पडतो का?

स्पॅनर_आणि_मी
नमस्कार मंडळी. तीन वर्षं झाली, शाळा सुटली की एका गॅरेजमध्ये हाताखाली काम करतो, क्लच प्लेट, चेन सेट, इंजिन उतरवणं सगळं येतं आणि खोटं कशाला बोलू, त्यातच जीव रमतो. आता शाळा संपत आलीय आणि पुढे विमानांच्या मेंटेनन्सला जावं असं डोक्यात घेतलंय. घरचे म्हणतात त्यात फार शिकावं लागतं, आमचा उस्ताद म्हणतो नट तो नट, बाईकचा काय नि विमानाचा काय. तर हा अनुभव तिथे धरतात का, गणित किती लागतं (माझं बेताचंच आहे) आणि तुम्ही लोक दिवसभर नेमकं करता काय? जाहिरातीत सगळे पांढऱ्या शर्टात टॅबलेट घेऊन उभे असतात, त्यावरून काही कळत नाही.

रात्रपाळी
पांढरा शर्ट, हाहा. माझ्या शर्टावरचे हायड्रॉलिक तेलाचे डाग आता धुऊनही जात नाहीत. ते तेल म्हणजे स्कायड्रॉल, डोळ्यात एक थेंब गेला ना की रडू आवरत नाही, त्यामुळे गॉगल लावायची सवय आत्तापासूनच लाव.

दिवसभर काय करतो विचारलंस, तर बरंचसं काम रात्रीच असतं रे, कारण दिवसा विमानं उडत असतात. मी लाईनवर आहे, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधली कामं. चाक बदलणं, इंजिन ऑइल बघणं, पायलटने लॉगबुकात लिहिलेल्या तक्रारी दूर करणं. ब्रेक किती झिजलाय ते बघायला एक छोटी पिन असते, पार्किंग ब्रेक लावायचा आणि ती किती बाहेर दिसते ते बघायचं, पार आत गेली असेल तर ब्रेक बदलायचा. काम दहा मिनिटांचं आणि लिहायला पाऊण तास, ही अतिशयोक्ती नाही.

हात चालतो हे चांगलंच आहे, पण लायसनच्या अनुभवात बाईकचे दिवस धरत नाहीत, तिथे विमानावरचंच काम लागतं. अमेरिकेत कोर्स न करता नुसत्या कामाच्या अनुभवावर परीक्षेला बसायचं तर एअरफ्रेम (सांगाडा) किंवा पॉवरप्लांट (इंजिन) एकासाठी १८ महिने आणि दोन्ही हवं तर ३० महिने दाखवावे लागतात. बाकी ठिकाणचे नियम वेगळे, तुला जिथे काम करायचंय तिथल्या विमान प्राधिकरणाचेच वाच, क्लासवाल्यांच्या तोंडावर जाऊ नकोस.

तारांचं_जाळं
गणिताची फार धास्ती घेऊ नकोस. अपूर्णांक (इंचाचे पाने आहेत, ७/१६ मोठा का ३/८ ते झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे), एककं बदलणं, टक्केवारी, ओहमचा नियम, एवढं पक्कं असलं तरी सुरुवातीला निभतं.

मी एव्हिऑनिक्सला आहे, म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. युरोपच्या आणि त्या धर्तीवरच्या लायसनमध्ये बी-१ म्हणजे इंजिन नि सांगाडा, बी-२ म्हणजे आम्ही तारांवाले. लोकांना वाटतं आम्ही फक्त डबे (इलेक्ट्रॉनिक युनिट) बदलतो. एकदा एक फॉल्ट सारखा यायचा, तिघांनी तीन वेळा डबा बदलला, सही करून निघून गेले. मी कनेक्टर उघडून टॉर्च मारला तर एक पिन बाकीच्यांपेक्षा जराशी आत सरकलेली, डबा पहिल्यापासून चांगलाच होता बिचारा. रंग ओळखण्यात अडचण असेल तर मात्र आधी डोळे तपासून घे, पैसे भरल्यावर कळण्यात काही अर्थ नाही.

स्पॅनर_आणि_मी
ताई, दादा, खूप आभार. एक बावळट प्रश्न, बोल्ट किती आवळायचा ते हाताला कळत नाही का हो? मला तर कळतं.

जुना_हँगर
हाताला कळतं असं ज्याला वाटतं ना, त्याचीच आम्हाला जास्त भीती वाटते. रागावू नको, मीही तसाच आलो होतो.

१९९० साली ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० नंबरच्या फ्लाइटची कॅप्टनच्या बाजूची काच हवेत उडाली, कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला आणि केबिन क्रूने पाय धरून ठेवले म्हणून वाचला. काच त्याच्या २७ तास आधी, रात्रपाळीत बसवलेली. ९० बोल्टपैकी ८४ जाडीला ०.०२६ इंचाने बारीक होते. बसवणारा नवखा नव्हता, चांगला अनुभवी होता, त्याने जुना बोल्ट हातात धरून तसाच दिसणारा शोधला आणि पार्ट कॅटलॉग उघडून बघितलाच नाही. ०.०२६ इंच म्हणजे एक मिलिमीटरही नाही, सांग बरं कोणत्या हाताला कळणार ते?

आणि टॉर्क रेंचचंही (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) तसंच. पुढे सरळ रेषेत एक्स्टेंशन लावलं तर आकडा बदलतो, हिशोब करून कमी सेट करावा लागतो, तेच काटकोनात लावलं तर बदलत नाही. तुझ्या उस्तादाला विचारून बघ.

आमच्याकडे एका शिकाऊ पोराचा पान्याचा सॉकेट हरवला, पहाटे चार वाजता. पोरगं थरथरत स्वतःहून सांगायला आलं. विमान थांबवलं, सगळी पॅनेलं परत उघडली, शेवटी आरसा घालून बघितलं तर एका ब्रॅकेटच्या मागे, कंट्रोल केबलच्या (जिच्यामुळे विमान वळतं ती तार) अगदी शेजारी पडलेला. सकाळची फ्लाइट लेट झाली आणि त्याला एक शब्द कोणी बोललं नाही. ते पोरगं आता माझ्या कामावर दुसरी तपासणी करतं, कंट्रोलचं काम असलं की एकाच्या सहीवर आम्ही सोडत नाही.

घरी करायचं तर सेफ्टी वायर शीक, म्हणजे बोल्ट सुटू नये म्हणून बांधायची तार. ०.०३२ इंचाची वायर, इंचाला सहा ते आठ पीळ, आणि ओढ अशी हवी की बोल्ट सैल व्हायला लागला तर वायर त्याला आवळायच्या दिशेने खेचेल.

स्पॅनर_आणि_मी
उस्तादाला विचारलं, तो म्हणाला काटकोनाचं त्यालाही माहीत नव्हतं. आज भंगारातल्या इंजिन कव्हरवर वायर करून बघितली. पीळ छान आले पण नीट बघितलं तर दिशा उलटी, म्हणजे वायर बोल्टला सैलच करतेय. सोडून परत तीच वापरू का?

जुना_हँगर
नाही. काप, फेक, नवीन घे. आणि कापलेले तुकडे किती पडले ते मोज, तेवढेच सापडले का बघ.