काल्पनिक जगातही आधी उपग्रह, मग कुत्रा, मग माणूसच का?

मांडवीकाठ:
दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहिते आहे. जग काल्पनिक: चहूकडे समुद्र, विखुरलेली बेटं, मासळीवर जगणारी माणसं. मित्रमंडळी म्हणतात, त्यांच्या अवकाशयुगाचे टप्पे आपल्यासारखेच दाखव. माझा ठाम विरोध आहे. आपला क्रम दोन महासत्तांच्या चढाओढीतून आला. आपल्या गोव्यात जून-जुलैत मासेमारी बंद, रापणकारांचं सगळं लक्ष आभाळाकडे. सगळं जगच दर्यावर पोट भरत असेल, तर ते आधी वादळं वरून बघायची सोय करतील. माणूस वर धाडायची घाई त्यांना कशाला? आपल्या खऱ्या जगातही हवामान टिपणारा अमेरिकेचा उपग्रह टायरॉस-१ एप्रिल १९६० मध्ये, म्हणजे अवकाशात गेलेला पहिला माणूस गागारिन याच्या वर्षभर आधी गेला होता.

फोंडेकर:
नाही पटलं. टायरॉस गेला, कारण रॉकेटं तोवर तयार होती. पहिला कृत्रिम उपग्रह स्पुत्निक-१ अवघा ८३.६ किलोचा, पण ४ ऑक्टोबर १९५७ ला त्याला नेणारं सोव्हिएत रॉकेट आर-७ मुळात अण्वस्त्र वाहून नेणारं क्षेपणास्त्र. कक्षेत राहायला सेकंदाला जवळपास ८ किलोमीटर वेग लागतो. तसलं इंजिन मासळीच्या पैशांतून उभं राहत नाही. वैरी नसेल तर खर्च कोण करणार, ते सांगा.

मांडवीकाठ:
थुंबा घ्या ना! २१ नोव्हेंबर १९६३. केरळातलं मच्छीमारांचं गाव, चर्चच्या इमारतीत काम, आणि रॉकेटनं सोडियमची वाफ सोडून वरच्या वाऱ्यांचा माग काढला.

फोंडेकर:
त्या नाइकी-अपाची रॉकेटचा खालचा टप्पा विमानवेधी क्षेपणास्त्राचाच बूस्टर होता. शिवाय ते वर जाऊन खाली आलं, कक्षेत गेलं नाही. थुंबाचा मला अभिमान आहे, पण इथे ते माझ्या बाजूनं साक्ष देतं.

वास्कोची:
अहो, पण सोडणार कुठून? इटलीनं केनियाजवळ समुद्रात उभारलेल्या मंचावरून १९६७ मध्ये सान मार्को-२ उपग्रह सोडला. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या फिरण्याचा वेग फुकट मिळतो. बेटवाल्यांचा पहिला टप्पा म्हणून मला असा मंचच दिसतो. आणि क्रमाचं म्हणाल, तर १२ एप्रिल १९६१ ला गागारिन १०८ मिनिटांत जाऊन आला, तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. इथल्या माणसांना त्या वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस विचारा, गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर म्हणतील. कुठला टप्पा मोठा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

मांडवीकाठ:
मंच घेतला! आणि फोंडेकर, अमेरिकन शास्त्रज्ञ गोडार्डचं द्रवइंधनाचं रॉकेट १६ मार्च १९२६ ला उडालं, ते वरच्या हवेच्या अभ्यासाच्या ध्यासातून. पैसा स्मिथसोनियन संस्थेचा, लष्कराचा नव्हे.

फोंडेकर:
उडालं, पण जेमतेम १२ मीटर. तिथून कक्षेपर्यंतचं अंतर युद्धाच्या पैशानं कापलं. तुमच्या बेटांना ते वर्गणीतून कापायचं असेल, तर दोन-तीन पिढ्या द्या, मंचावर फुटलेली रॉकेटं दाखवा, वर्गणी नाकारणारी बेटंही येऊ देत. एवढं असेल तर क्रम बदललेला मी मान्य करीन. स्पुत्निकनंतर तीन वर्षांत टायरॉस, हा वेग मात्र त्यांना देऊ नका.

मांडवीकाठ:
पिढ्या देते. कुत्रा नाही देणार.