ऑफिसात परतलेल्यांना एकदाच फॉर्म भरायला लावला, झाला अभ्यास?

आकडेमोड:
काल एकाने लिहिलं होतं, "घरून काम बंद करून ऑफिसात परत बोलावल्यावर कर्मचाऱ्यांचं समाधान यावर प्रबंध करतोय. गूगल फॉर्म ग्रुपवर टाकला, 212 जणांनी भरला, क्रॉस सेक्शनल डिझाईन, म्हणजे सगळ्यांना एकदाच विचारायचं, असं घेतलंय, आता फक्त विश्लेषण बाकी." खाली सगळे अभिनंदन करतायत. माझ्या डोक्यात तिडीक गेली म्हणून सविस्तर लिहितोय. अहो, ज्यांना परत यायचंच नव्हतं ते राजीनामा टाकून गेले की! तुमचा फॉर्म भरला उरलेल्यांनी. गाडीत बसलेल्यांनाच "गाडी चुकली का" विचारायचं आणि मग लिहायचं की कुणाचीच गाडी चुकत नाही. वर त्यात प्रश्न काय, तर "परत येण्याआधी तुम्ही किती समाधानी होता?" वर्षापूर्वीचं समाधान 1 ते 5 मध्ये आठवून सांगायचं! आजचा दिवस वाईट गेला असेल तर आधीचं सगळं सोन्यासारखंच आठवणार. डिझाईन आधी ठरवतात, फॉर्म नंतर. तीच माणसं, परतण्याआधी एकदा, महिन्याने एकदा, सहा महिन्यांनी एकदा. पॅनेल. याला पर्याय नाही.

गाईड_शोधतोय:
तो "एकजण" मीच. पॅनेल मलाही माहितीय, पण चार महिन्यांत सबमिशन आहे आणि लोकं परतून वर्ष झालंय. परतण्याआधीचं माप आता कुठून आणू? टाईम मशीन तुमच्याकडे असेल तर द्या.

नमुना_नंबर_एक:
मुळात 212 म्हणजे काहीच नाही. दोन-तीन हजार फॉर्म भरून घ्या, सगळे प्रश्न सुटतील.

आकडेमोड:
हे ऐकून ऐकून कान किटले. 1936 मध्ये अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' मासिकानं नव्हे, साप्ताहिकाने जवळपास एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, चोवीस लाखांच्या आसपास परत आल्या आणि त्यावरून लँडन जिंकणार म्हणून छापून मोकळे झाले. रूझवेल्टने 48 पैकी 46 राज्यं घेतली. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपने त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर निकाल बरोबर सांगितला होता. यादी टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या नोंदींतून बनवलेली आणि उत्तरं आली ज्यांना हौस होती त्यांचीच. चुकीच्या माणसांना विचारलं की संख्या वाढवून चूक फक्त जास्त ठाम होते. ग्रुपवर टाकलेला फॉर्म म्हणजे तेच, जो चिडलाय किंवा ज्याला वेळ आहे तो भरतो.

एचआरवाली:
पुस्तकातलं सगळं बरोबर, पण पॅनेल म्हणजे दर वेळी तोच माणूस ओळखता आला पाहिजे, आणि ओळखता आला की खरं कोण बोलणार? क्रॉस सेक्शनल निनावी तरी असतो. आमच्याकडे पहिल्या फेरीत बऱ्यापैकी उत्तरं आली, तिसऱ्या फेरीला जेमतेम निम्मी. मग ती गळती कुणाची झाली ते शोधत बसा.

पाट्याटाकू:
निनावी?? ताई, हसू आलं. आमच्याकडे "पूर्णपणे निनावी" सर्व्हे झाला. विभाग, वयोगट, लिंग, नोकरीची वर्षं, सगळं विचारलं. टीममध्ये आम्ही सहाजण, पंचेचाळीसच्या वर मी एकटा. शेवटच्या रकान्यात लिहिलं, "ऑफिसात येऊन कानाला हेडफोन लावून व्हिडिओ कॉलच करायचे तर घरचं टेबल काय वाईट होतं." पुढच्या सोमवारी मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "काही जणांना आपली टेबलं आवडत नाहीत असं दिसतंय," आणि बघतायत माझ्याकडे. बाकीचे पाचजण लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले. तेव्हापासून कुठलाही सर्व्हे आला की सगळीकडे 4. विषय कटाप.

एचआरवाली:
हा तुमच्या साहेबांचा दोष, सर्व्हेचा नाही. गटात ठरावीक संख्येपेक्षा कमी माणसं असली तर त्या गटाचा निकाल दाखवायचाच नसतो आणि मोकळ्या उत्तरांतली ओळख पटेल अशी वाक्यं काढायची असतात. आम्ही दहाची मर्यादा पाळतो.

पाट्याटाकू:
तुम्ही पाळता, त्यांनी नाही पाळली. आणि पाळली की नाही हे फॉर्म भरणाऱ्याला कसं कळणार? कंपनीचा लोगो वर, लिंक ऑफिसच्या मेलवर, खाली "मोकळेपणाने लिहा". लिहिलं की मोकळे करतात!

आकडेमोड:
विषय भरकटतोय. यावर उपाय आहे, प्रत्येकाने स्वतःचा कोड बनवायचा. आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं, जन्मतारखेचा दिवस वगैरे. दर फेरीला तोच कोड, नाव कुठेच नाही.

पाट्याटाकू:
आईचं नाव आणि जन्मतारीख दिली की निनावी! धन्य आहे. दोन्ही एचआरच्या फाईलमध्ये पहिल्या पानावर असतात.

एचआरवाली:
यावेळी त्यांचं बरोबर आहे. शिवाय निम्मे लोकं मागच्या वेळी आईचं लाडकं नाव टाकलं की कागदावरचं तेच विसरतात.

आकडेमोड:
बरं, मग कंपनीच्या फाईलमध्ये नसलेलं विचारा आणि कच्चा डेटा बाहेरच्या संशोधकाकडेच ठेवा. सगळंच अशक्य म्हणायचं असेल तर हे बघा, ट्रिप डॉट कॉम या प्रवास बुकिंगच्या कंपनीत 1,612 जणांवर प्रयोग झाला, जन्मतारीख सम की विषम यावरून दोन गट, एका गटाला आठवड्यात दोन दिवस घरून काम. राजीनामे एक तृतीयांशाने घटले, 2024 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलंय. आणि तिथे राजीनामे मोजले, म्हणजे गेलेली माणसंही हिशेबात आली. माझा मूळ मुद्दा तोच!

एचआरवाली:
त्या पेपरच्या लेखकांत कंपनीचा सहसंस्थापकच आहे. या पोराला कंपनी रिसेप्शनच्या पुढे तरी जाऊ देईल का?

गाईड_शोधतोय:
रिसेप्शनलाच बसवलं होतं, दीड तास. मग म्हणाले ईमेल यादी देतो, पण कोणी काय लिहिलं ती शीट आम्हाला पाहिजे. म्हणून ग्रुपवर टाकला फॉर्म. हे आधी लिहिलं असतं तर इतकं ऐकावं लागलं नसतं.

आकडेमोड:
शीट द्यायला नकार दिलात हे मात्र चांगलं केलंत. पण ते 212 जण कर्मचाऱ्यांचं प्रतिनिधित्व करतात असं लिहू नका. काही टीम अजून परतल्या नसतील तर त्यांना आत्ता एकदा विचारा आणि परतल्यावर पुन्हा. तेवढ्यांचं तरी आधीचं माप मिळेल. सोडून गेलेल्या दहा-बाराजणांना फोन करा. आणि तो आठवणीवाला प्रश्न उडवा.

गाईड_शोधतोय:
दोन टीम पुढच्या महिन्यात परततायत, मैत्रीण त्यातल्याच एकीत आहे. शीर्षकात "परतून टिकून राहिलेले कर्मचारी" घालतो. तुम्ही हेच चार ओळीत सांगू शकला असता, असो.

नमुना_नंबर_एक:
तरी 212 कमीच आहेत.

पाट्याटाकू:
नवीन फॉर्म झाला की मलाही पाठवा. विभाग विचारला नाहीत तर खरं लिहीन, विचारलात तर सगळीकडे 4.