मदत हवी आहे : ६० मेल खाती, स्वतःचा सर्व्हर की भाड्याची सेवा?

नागपुरातील आमच्या संस्थेचा पोस्टफिक्स-डोव्हकॉट (मेल पोहोचवणारे व साठवून दाखवणारे सॉफ्टवेअर) यांवर चालणारा मेल सर्व्हर कार्यालयातच आहे. सॉफ्टवेअर फुकट असले तरी स्थिर आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता), यूपीएसच्या बॅटऱ्या, बॅकअपच्या डिस्क आणि मे महिन्यात रात्रभर चालणारा एसी (कूलरची दमट हवा यंत्राला चालत नाही) यांचा हिशेब मी मांडला आहे. पत्र खरेच आमच्याकडून आले हे पडताळता यावे म्हणून डोमेनच्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क व पीटीआर नोंदी करूनही काही पत्रे स्पॅममध्ये जातातच. भाड्याच्या सेवेत खात्यागणिक दरावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि आम्हाला त्याचे इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही; शिवाय निम्मी खाती आठवड्यातून एकदाच उघडली जातात. तेव्हा ५ वर्षांच्या तुलनेत सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या वेळेची किंमत कशी धरावी, आणि एकाच डोमेनवर दोन्ही व्यवस्था विभागून चालवल्यास खर्च खरोखर घटतो का?