दिवाळीनंतरचा आठवडा, दोन लहान मुलं आणि दोघांची ऑफिसं: मदत हवी आहे

कढीपत्ता

नमस्कार मंडळी. मुलांना घेऊन कुठे जाऊ, हा माझा प्रश्न नाही. मला माणूस कमी पडतोय.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. मुलगा साडेतीन वर्षांचा. भाऊबीजेपर्यंत काळजी नसते, घर भरलेलं असतं, कुणी ना कुणी मुलांच्या मागे असतंच. खरी गंमत त्यानंतरच्या सोमवारी सुरू होते. शाळा अजून आठवडाभर बंद आणि आम्हा दोघांची सुट्टी मात्र संपलेली. पाळणाघराच्या ताई गावी जाणार. त्या वर्षातून एकदाच जातात, त्यामुळे त्यांना काही बोलायचा प्रश्नच नाही. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला धक्का लागू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय; आणि आमचे चिरंजीव म्हणजे चालता-फिरता धक्का. माझे आई-बाबा चिपळूणजवळ असतात. यायला तयार आहेत, पण भात कापून पडलंय आणि झोडणी राहिलीय. गुरुवारच्या आधी निघणं त्यांना शक्य नाही.

मी बँकेच्या बॅक ऑफिसला आहे, लोअर परळला. मंगळ, बुध, गुरू ऑफिसला जावंच लागतं, सोमवारी आणि शुक्रवारी घरून काम. महिनाअखेर असल्यामुळे रजा एकच मिळेल, तीही शुक्रवारची. नवरा अंबरनाथला प्लँटमध्ये, फर्स्ट शिफ्ट. पहाटे साडेपाचला निघतो, परत यायला संध्याकाळचे पाच.

म्हणजे मंगळवार आणि बुधवार सकाळी आठ ते संध्याकाळी पाच घरात सासूबाई आणि दोन मुलं. सोमवारी मी घरात असेन, पण सकाळी दहा ते बारा एकामागून एक कॉल आहेत.

हे तीन दिवस कसे काढू? "टीव्ही लावून दे" असं कृपया लिहू नका. तो उपाय माझ्याकडे आहे आणि मी तो वापरणारही आहे.

भोचक काकू

आमच्या वेळी असं नियोजन वगैरे नव्हतं बाई. वाड्यात पंधरा मुलं होती, कशी मोठी झाली कळलंसुद्धा नाही.

खिडकीची सीट

काकू, तुम्हाला कळलं नाही म्हणजे त्या वाड्यात दुसऱ्या कुणाला तरी कळत होतं. त्या बाई सापडल्या तर त्यांचा नंबर कढीपत्ताला द्या.

शेवटचा डबा

मी स्वतः कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. नवऱ्याला त्या आठवड्यापुरती सेकंड शिफ्ट घेता येईल का? दिवाळीनंतर बरीच पोरं गावाला गेलेली असतात. जी मागे राहतात त्यांना संध्याकाळी घरी यायचं असतं, कारण पाहुणे आणि फराळाची बोलावणी सगळी संध्याकाळचीच. त्यामुळे फर्स्ट शिफ्ट सोडायला तयार असलेला माणूस सुपरवायझरला हवाच असतो. अट एकच, हे आत्ताच बोलून ठेवायचं. भाऊबीजेच्या रात्री फोन केला तर कुणी ऐकत नाही.

साडेतीनची शिफ्ट धरली तर तो दोन वाजेपर्यंत घरी आहे. म्हणजे सकाळ, आंघोळी, जेवण आणि धाकट्याची झोप लागेपर्यंतचं सगळं त्याच्याकडे. तुझी पोकळी नऊ तासांवरून चार-पाच तासांवर येते, आणि तीही दुपारची. दुपारचे चार तास सांभाळायला माणूस मिळतो, सकाळपासून सबंध दिवस सांभाळायला कुणी मिळत नाही.

कढीपत्ता

हे डोक्यातच आलं नव्हतं! आम्ही दोघं "रजा कोण घेणार" यावरच भांडत होतो. विचारायला सांगते. मी सात वाजेपर्यंत पोचते, म्हणजे दोन ते सात एवढंच उरतं.

सरकारी बाबू

एक कायदेशीर मुद्दा. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभा आहे. बँकेत ती सोय नक्की असणार. धाकट्यासाठी विचारून बघा.

आणि इथे केंद्र सरकारी नोकरीतल्या कुणी आया असतील तर त्यांनी चाइल्ड केअर लीव्ह विसरू नये. संपूर्ण नोकरीत ७३० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, पहिल्या दोन मुलांसाठी. एका वेळी किमान पाच दिवस घ्यावी लागते, म्हणजे असा सोमवार ते शुक्रवारचा आठवडा अगदी मापात बसतो. आमच्या कार्यालयात बायका ती दहावी-बारावीसाठी राखून ठेवतात. माझ्या मते गरज पहिलीतल्या मुलांना जास्त असते, पण माझं कोण ऐकतंय.

कढीपत्ता

पाळणाघर आहे, ऑफिसच्याच इमारतीत. पण सकाळी साडेआठला ठाण्याहून लोकलमध्ये साडेतीन वर्षांचा मुलगा कडेवर? ज्यांनी तो प्लॅटफॉर्म पाहिलाय ते हा पर्याय पुन्हा सुचवणार नाहीत.

गंमतगोष्ट

शेजाऱ्यांकडे मागायला लाज वाटते, हा खरा अडथळा आहे ना? मला वाटायची. मग लक्षात आलं की "मुलांना सांभाळाल का हो" असं विचारलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे अख्खा दिवस उभा राहतो आणि तो घाबरतो. त्यापेक्षा "मंगळवारी चार ते सात तुमच्याकडे खेळायला पाठवू का, शुक्रवारी तुमची दोघं सकाळपासून माझ्याकडे" असं विचार. वेळ ठरलेली, परतफेड ठरलेली. तुमच्या सोसायटीत हाच प्रश्न असलेली आणखी दोन-तीन घरं नक्की आहेत. सगळ्यांच्याच शाळा बंद आहेत आणि बऱ्याच जणांच्या ताई गावी गेल्यात.

पाठवताना एका कागदावर लिहून दे: तुमचे दोघांचे फोन, सासूबाईंचा फोन, मुलांच्या डॉक्टरांचा फोन, काही खाल्ल्यावर अंगावर उठत असेल तर ते, आणि तुमच्याशिवाय मुलांना न्यायला कोण येऊ शकतं ते. शिवाय शी-शूचे शब्द. हसू नका. माझी मुलगी "मला रेल्वे आली" म्हणायची, शेजारच्या काकूंना वाटलं तिला खेळण्यातली आगगाडी हवीय.

दुसरं म्हणजे सासूबाईंना या गणितातून वगळू नकोस. त्यांना वाकता येत नसेल, पण घरात एक मोठं माणूस आहे ही फार मोठी गोष्ट आहे. मुलांमागे धावायला वेगळं माणूस बघ. बिल्डिंगमधली अकरावी-बारावीतली एखादी मुलगी? कॉलेजलाही सुट्टी असते. आजी घरात आणि ताई हाताशी, अशी जोडी उत्तम चालते. नुसती ताई किंवा नुसती आजी, यातलं काहीच चालत नाही.

बाळगुटी

मी बालरोगतज्ज्ञ आहे, तपासल्याशिवाय औषधं सांगत नाही, पण या आठवड्यात दवाखान्यात काय येतं ते सांगते. पोट बिघडलेली मुलं. चिवडा, चकली, करंजी, वरून प्रत्येक घरी एकेक लाडू, आणि पाणी-भाजी जवळपास बंद. मग शी होत नाही, पोट दुखतं, मूल चिडचिड करतं आणि आईला वाटतं की ते घरात बसून कंटाळलंय. मंगळवारच्या दुपारसाठी वरण-भात आणि पेरू ठेव. फराळाचा डबा वरच्या फळीवर.

झोपेचंही बघ. दिवाळीत सगळी मुलं अकराला झोपतात. नवरा सकाळी घरी राहणार असेल तर मुलांना उशिरापर्यंत लोळू देण्याचा मोह त्याला होईल, आणि मग धाकटा दुपारी झोपणार नाही. तुमची सगळी योजना त्या दुपारच्या झोपेवर उभी आहे.

टीव्हीबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस, फक्त वेळ ठरव. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या सूचनांप्रमाणे दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहाच्या मुलांना दोन तासांपेक्षा कमी. तो तास सकाळी उठल्याउठल्या उधळू नका. सोमवारी अकराच्या कॉलसाठी राखून ठेव.

भोचक काकू

माझ्यावर हसून झालं असेल तर एक कामाचं सांगते. किल्ला केलाय का? केला असेल तर भाऊबीजेला पाडू नका. बहुतेक घरी पणत्या आवरल्या की किल्लाही आवरतात, आणि दुसऱ्या दिवशी मुलं काय करू म्हणून मागे लागतात. रविवारी त्यावर अळीव नाहीतर मोहरी पेरा. अळीव दोन-तीन दिवसांत वर येतात, म्हणजे मंगळवार-बुधवारी मुलांना रोज उठून बघायला काहीतरी आहे. पाणी घालायचं काम धाकट्याला द्या, पण तांब्या नको, हाताने शिंपडायचं. तांब्या दिलात तर बुरूज गेलाच म्हणून समजा.

थोरलीला किल्ल्याचं खातं द्या. कुठल्या बुरुजावर किती मावळे, धान्य किती दिवसांचं, दिंडी दरवाजा किती वाजता बंद. तेवढंच लेखन होतं.

कढीपत्ता

काकू, माफी मागते खिडकीच्या सीटतर्फे. किल्ला केलाय, बिल्डिंगच्या मागच्या कोपऱ्यात, सोसायटीच्या कमिटीची नजर चुकवून. पाडायचा नाही हे ठरलं. लेखनावरून आठवलं, शाळेने दिवाळीचा अभ्यास दिलाय: शुद्धलेखनाची पानं आणि २ ते ५ पाढे. अजून वही उघडलेली नाही.

शेवटचा डबा

तो अभ्यास नवऱ्याकडे द्या, सकाळच्या शिफ्टमध्ये बसतो.

खिडकीची सीट

आई-बाबांबद्दल. झोडणी बुधवारी संपली तर गुरुवारी पहाटेची एसटी पकडायला सांग. कोकण रेल्वेला दिवाळीनंतर परतीची गर्दी असते, आयत्या वेळी आरक्षण मिळणार नाही. बाबांना पंचाहत्तर पूर्ण असतील तर अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत एसटीचा प्रवास फुकट, आईला २०२३ पासून निम्मं तिकीट. वयाचा पुरावा म्हणून बाबांनी आधार कार्ड जवळ ठेवायचं.

आणि शुक्रवारची रजा मिळाली तर घरात बसू नकोस, नाहीतर ती रजा धुणी-भांड्यांत जाईल. राणीची बाग बुधवारी बंद असते, शुक्रवारी चालू. ठाण्याहून स्लो लोकलने भायखळा, पूर्वेला उतरून चालत. साडेनऊला उघडते तेव्हाच आत शिर, अकरानंतर पेंग्विनच्या काचेपाशी फक्त लोकांच्या पाठी दिसतात. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. मुलांना पेंग्विन विसरायला होतात, हत्ती लक्षात राहतो. लोकलला पाच वर्षांखालच्या मुलाचं तिकीट नाही, मुलीचं अर्धं.

बोरिवलीचं नॅशनल पार्क तुम्हाला जवळ पडेल, पण ते सोमवारी बंद. चालणंही फार, साडेतीन वर्षांचा मुलगा शेवटी तुझ्याच खांद्यावर येणार.

कढीपत्ता

आभार, सगळ्यांचे. आत्तापर्यंत जमलेलं सांगते. नवऱ्याला सोमवार ते बुधवार सेकंड शिफ्ट मिळाली. शेवटचा डबा म्हणाले तसंच झालं, सुपरवायझर उलट खूश झाला. त्यामुळे सोमवारचे कॉलसुद्धा सुटले, तो दोनपर्यंत घरी आहेच. मंगळवारी दोन ते सात सासूबाई आणि पाचव्या मजल्यावरची बारावीतली मुलगी. चार वाजता दोघांना खाली घेऊन जायचं, किल्ल्याला पाणी घालायचं, अंधार पडायच्या आत वर. बुधवारी तिचा क्लास आहे, म्हणून त्या दिवशी चार ते सात समोरच्या घरी, त्यांची जुळी शुक्रवारी आमच्याबरोबर राणीच्या बागेत. (चार मुलं घेऊन लोकल. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.) बुधवारी दोन ते चार धाकटा झोपलेला असेल आणि थोरली सासूबाईंना गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवेल. डॉक्टरांनी त्यांना इतक्यात वाचू नका म्हटलंय, त्यामुळे त्या खरोखरच वाट बघतायत. गुरुवारी नवरा परत फर्स्ट शिफ्टला. आई-बाबा दुपारी पोचतील, सकाळपुरती ती पाचव्या मजल्यावरची मुलगी येते म्हणाली.

एक अडलंय. ती पैसे घ्यायला तयार नाही. तिची आई म्हणते, "शेजारधर्माचे कसले पैसे?" फुकट राबवून घेणं मला पटत नाही. तुम्ही काय देता?

गंमतगोष्ट

पैसेच दे, पाकिटात, तिच्या आईसमोर, भाऊबीज म्हणून तिच्याच हातात. भाऊबीजेचं पाकीट कुणी परत करत नाही. मात्र आठवडा सुरू व्हायच्या आधी दे, नंतर दिलंस तर मजुरी वाटते. आणि तासाचा हिशेब मनात करून पाळणाघरापेक्षा कमी ठेवू नकोस.

भोचक काकू

आणि बुधवारी तिचा क्लास आहे म्हणालीस तो किती वाजता सुटतो ते विचारून ठेव. समोरच्यांना अचानक बाहेर जावं लागलं तर दुसरं कुणीतरी माहीत असलेलं बरं.

कढीपत्ता

विचारलं. साडेपाचला सुटतो, पावणेसहाला ती घरी असते.