जादूचा स्नोमॅन, कडक गाव आणि 'मुलं बिघडतात' ही ओरड

सांजवात

कर्तव्यकठोर यांच्या परवाच्या लेखावर प्रतिसाद लिहायला बसले आणि तो इतका लांबला की वेगळा धागाच काढते आहे.

लेख न वाचलेल्यांसाठी, तो ज्या गोष्टीवर होता ती थोडक्यात. एक लहान गाव, नगराध्यक्ष भलताच कडक. संध्याकाळची घंटा झाली की मुलांनी घरात. रस्त्यात पळायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही, दारापुढचा बर्फ उजाडायच्या आत उपसलेला हवा. एक मुलगी धान्याच्या कोठारामागे चोरून स्नोमॅन करते. तो रात्री जिवंत होतो, खिडक्यांवर टकटक करून मुलांना बाहेर काढतो, हळूहळू मोठी माणसंही येतात. शेवटी ऊन तापतं, नगराध्यक्ष स्वतःचा कोट काढून त्याच्या खांद्यावर घालतो, तरी तो वितळतो. घंटा पुन्हा वाजत नाही.

यावर कर्तव्यकठोर यांचं म्हणणं असं की अशा गोष्टींतून मुलं 'नियम करणारा दुष्ट, मोडणारा शूर' एवढंच शिकतात आणि बिघडतात.

मी अशाच घरात वाढले. जेवताना बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. धाकट्या बहिणीला हसू फार लवकर यायचं. ती ताटाकडे बघत खालचा ओठ दातांत धरायची. एकदा ओठ फुटला. रक्त तिने पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं, पण आवाज केला नाही. वडील म्हणाले, "बघा, किती शहाणी पोर." ती आज चाळिशीची आहे आणि अजून हसताना तोंडावर हात ठेवते.

मला सांगा, त्या नियमाने आमच्या घरात कोणाचं रक्षण झालं? गोष्टीतल्या गावात हसण्याने कोणाचं काय मोडत होतं? काही नियम माणसाला जपतात आणि काही नियम फक्त वरच्यांची शांतता जपतात. स्नोमॅन दुसऱ्या प्रकारचे नियम मोडतो. मुलांना हा फरक कळतो, मोठेच तो विसरतात.

आणि ही नुसती कल्पना नाही. १५११ च्या हिवाळ्यात ब्रुसेल्समध्ये थंडीने माणसं मरत होती, तेव्हा शहरभर लोकांनी शंभराच्या वर बर्फाचे पुतळे उभे केले. संत, पुराणकथांतली पात्रं, नागडीउघडी शिल्पंसुद्धा, आणि सत्ताधाऱ्यांची उघड थट्टा. शहराच्या कवीने त्यावर लांबलचक कविता लिहिली, म्हणून आपल्याला आज ते माहीत आहे. उपाशी, गारठलेल्या माणसांना हसावंसं वाटतं, हे कुठल्याही नगराध्यक्षाने आधी समजून घ्यावं.

कर्तव्यकठोर

सांजवातताई, तुमच्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या वडिलांचा हिशेब माझ्याकडून चुकता करून घेऊ नका.

मी नऊ हिवाळे बर्फाळ मुलुखात नोकरीला होतो. 'बर्फ उपसायचा' हा नियम तुम्ही ज्या सहजतेने जुलमांच्या यादीत टाकलात, त्यावरून कळतं की तुम्ही रात्री गोठलेल्या बर्फावर सकाळी पाऊल टाकलेलं नाही. दिवसा थोडा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि पायवाट आरशासारखी होते. माझ्या घरमालकीणबाई, वय अठ्ठ्याहत्तर, शेजाऱ्याने आळस केला त्या सकाळी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्या पुन्हा जिना चढल्या नाहीत. मी त्यांचा दिवाणखाना खालच्या मजल्यावर आणून दिला, पडदे लावून दिले. त्यांना वरच्या खिडकीतून दिसणारं झाड हवं होतं, ते मला देता आलं नाही.

आणि बर्फाचे गोळे! माझ्या खालच्या मजल्यावरच्या मुलाला लागलेला गोळा आदल्या दिवशी करून ठेवलेला होता. रात्रभरात तो दगड झाला होता. डावा डोळा कायमचा अधू. मारणाऱ्या पोराचा हेतू वाईट नव्हता, तोही मजाच करत होता.

प्रत्येक कडक नियमामागे अशी एक घरमालकीण असते. गोष्ट लिहिणारा ती कधी दाखवत नाही. नगराध्यक्षाला मिश्या आणि आवाज देतो, कारण देत नाही. माझा आक्षेप तिथे होता आणि आहे.

निळी शाई

दोघांच्या मधे पडतो. अमेरिकेत कोलोराडो राज्यात सेव्हरन्स नावाचं गाव आहे. तिथे जवळजवळ शंभर वर्षं बर्फाचे गोळे फेकायला कायद्याने बंदी होती. दगडासारख्या फेकून मारायच्या वस्तूंबरोबर गोळाही त्या नियमात अडकला होता. डिसेंबर २०१८ मध्ये नऊ वर्षांचा एक मुलगा नगरमंडळासमोर उभा राहिला, त्याने रीतसर आपली बाजू मांडली आणि मंडळाने एकमताने बंदी उठवली.

कर्तव्यकठोर, ही खरीखुरी गोष्ट तुम्हाला चालेल ना? मुलाने नियम चोरून मोडला नाही, बदलून घेतला. आणि सांजवात, या गावाला जादू लागली नाही. माझी तक्रार तुमच्या लाडक्या गोष्टीबद्दल हीच आहे की गावकरी स्वतः काहीच करत नाहीत. बाहेरून कोणीतरी येणार, तो नाचवणार, मग आम्ही नाचणार.

सांजवात

बाहेरून? तो त्या मुलीने स्वतःच्या हातांनी केला आहे! पहिला नियम तीच मोडते, जादू नंतर येते. गोष्ट पुन्हा वाचा.

पाणचक्की

थोडं अवांतर, पण मला शेवटच पटला नाही. नगराध्यक्ष कोट घालतो आणि स्नोमॅन वितळतो. अहो, कोटानेच वितळला तो! गरम कपडा घातल्यावर दुसरं काय होणार? म्हणजे माया दाखवता दाखवता मारला त्याला.

चष्मिष्ट

चूक. कोटात स्वतःची उष्णता नसते. आपल्याला ऊब वाटते कारण आपलं शरीर उष्णता तयार करतं आणि कोट ती बाहेर जाऊ देत नाही. स्नोमॅन उष्णता तयार करत नाही. त्याच्या बाबतीत कोट बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. तो उशिरा वितळेल. हे शाळेत शिकवतात, लक्ष द्यायला हवं होतं.

पाणचक्की

लक्ष दिलं होतं, म्हणूनच विचारते. ऊन आहे, आणि गोष्टीत कोट काळा आहे. ताजा बर्फ बहुतेक ऊन परत फेकतो, काळं कापड शोषून घेतं. बर्फावर राख पसरली की तो लवकर वितळतो, हे कोणीही सांगेल. मग काळा कोट कसा वाचवणार?

चष्मिष्ट

राख बर्फाला चिकटलेली असते, तिने शोषलेली उष्णता थेट बर्फात उतरते. जाड लोकरीत हवा अडकलेली असते, बाहेरची बाजू तापली तरी आत फार थोडी उष्णता पोचते. १८३३ साली बोस्टनहून कलकत्त्याला जहाजाने बर्फ गेला. सुमारे १८० टन भरला होता, चार महिने समुद्रावर, विषुववृत्त ओलांडून, आणि शंभर टनांच्या आसपास पोचला. कशात गुंडाळून? झाडाच्या सालीच्या भुश्यात. भुसा काय थंड असतो? मूलभूत गोष्टी माहीत नसताना लोक इतक्या ठामपणे कसं लिहितात, कळत नाही.

पाणचक्की

जहाजाच्या तळाशी ऊन नसतं. आणि तुमचा सूर मला अजिबात आवडलेला नाही. प्रश्न विचारला म्हणून कोणी अडाणी ठरत नाही.

उंबरठा

पाणचक्की यांच्याशी सहमत, निदान सुराबद्दल. आणि मुळात हाडं गोठवणाऱ्या कोरड्या थंडीत स्नोमॅन होतच नाही, बर्फ पिठासारखा सुटतो. तापमान शून्याच्या जवळ हवं, बर्फात किंचित ओल हवी, तरच गोळा धरतो. लेखकाने पहिल्याच परिच्छेदात इतकी थंडी घातली आहे की त्या मुलीच्या हातात भुरभुरच यावी.

सांजवात

कृपा करून कोटाचं वेगळीकडे भांडा. मी माझ्या बहिणीबद्दल लिहिलं आणि तिच्या खाली पाच-सहा प्रतिसाद लोकरीवर आले आहेत.

जुनी वही

मूळ मुद्द्याकडे येते, आणि सांजवातला आवडणार नाही असं लिहिते.

जानेवारी १४९४, इटलीतलं फ्लॉरेन्स. मोठा बर्फ पडला. शहराचा कारभार तेव्हा पिएरो दे मेदिचीच्या हातात होता. त्याने ऐन उमेदीतल्या मायकेलअँजेलोकडून वाड्याच्या चौकात बर्फाचा पुतळा करून घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात पिएरोला शहर सोडून पळावं लागलं आणि साव्होनारोला या कडक धर्मोपदेशकाचा शब्द चालू लागला. ७ फेब्रुवारी १४९७ ला भर चौकात आरसे, पत्ते, वाद्यं, उंची कपडे, चित्रं यांची होळी झाली. या वस्तू घरोघरी जाऊन कोणी गोळा केल्या? मुलांनी. मुलांच्या टोळ्या होत्या, शिस्तीत, रांगेत. मोठी माणसंही त्यांना घाबरत.

म्हणून 'मुलं जात्याच आनंदी, मोठे जात्याच कोरडे' ही जी मांडणी अशा प्रत्येक गोष्टीत असते, ती मला खोटी वाटते. मुलांना सत्ता मिळाली तर तीही घंटा वाजवतात. मी वर्गप्रमुख होते. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. बाई वर्गात नसताना मी माझ्या जिवलग मैत्रिणीचं नाव लिहिलं, ती फक्त खोडरबर मागत होती. तिला शिक्षा होताना मला आतून बरं वाटलं. बत्तीस वर्षं झाली, ते बरं वाटणं मला अजून आठवतं.

गोष्टीत असं एकही मूल नाही. खिडकीवर टकटक झाल्यावर नगराध्यक्षाकडे चुगली करायला धावणारं मूल कुठे आहे?

कर्तव्यकठोर

जुनी वही, हा या धाग्यावरचा सर्वांत प्रामाणिक प्रतिसाद आहे. फक्त माझ्या बाजूने म्हणून वापरता येत नाही, हेही कळतंय.

जुनी वही

वापरू नका. साव्होनारोलाला पुढच्याच वर्षी मे महिन्यात त्याच चौकात फाशी देऊन जाळलं. अति कडक गाव स्वतःच्या कडकपणाचं ओझं फार दिवस पेलत नाही.

निळी शाई

अति शिस्तीच्या शहरालाही मजा करता येते, हे कोणी बोलतच नाही. झ्युरिकला दर वसंतात फटाके भरलेला स्नोमॅनचा पुतळा संध्याकाळी सहाच्या ठोक्याला पेटवतात. डोकं जितक्या लवकर फुटेल तितका उन्हाळा चांगला, अशी समजूत. आधी व्यावसायिक संघांची शिस्तबद्ध मिरवणूक, मग आग. २०२४ मध्ये वाऱ्यामुळे धोका होता, तर ठरल्या दिवशी पेटवलाच नाही. लोक हिरमुसले, पण थांबले.

सांजवात

घड्याळ लावून हसणं मला जमणार नाही. पण ज्यांना जमतं त्यांचं हसू मी खोटं म्हणणार नाही.

कर्तव्यकठोर, तुमच्या घरमालकीणबाई डोक्यातून जात नाहीत. बर्फ उपसायचा नियम मी माझ्या यादीतून काढते. गोष्टीत त्या असायला हव्या होत्या, वरच्या खिडकीसकट. त्या असत्या तर स्नोमॅनने रात्री नाचून झाल्यावर पायवाट साफ केली असती, आणि गोष्ट कदाचित जास्त चांगली झाली असती. घंटा आणि हसण्याची बंदी मात्र यादीतच राहणार.

कर्तव्यकठोर

जेवताना हसू न देण्याचा नियम चुकीचा होता. तुमच्या वडिलांचा, आणि आता लिहायलाच बसलो आहे तर, काही वर्षं माझ्या घरातलाही. मुलगा वेगळा राहायला गेला त्यानंतर तो आपोआप बंद झाला, मी बंद केला असं म्हणणार नाही. लेखातलं बाकी एक अक्षरही मागे घेत नाही.

पाणचक्की

कोटाचं करून बघितलं. सारख्या दोन वाट्यांत पाणी गोठवलं, दोन्ही गोळे ताटल्यांवर काढले, सकाळी दहाला उन्हात ठेवले. एक उघडा, दुसरा माझ्या जुन्या काळ्या लोकरी स्वेटरच्या दोन घड्यांत. दर वीस मिनिटांनी जाऊन बघत होते. स्वेटर वरून इतका तापला की हात ठेवून मला वाटलं, झालं, जिंकले मी. उघड्या गोळ्याचं पाणी झालं तेव्हा घडी उलगडली. आत अजून मुठीएवढा गोळा होता, आणि लोकरीची आतली बाजू बोटं बधिर होतील इतकी गार.

चष्मिष्ट, तुमचं बरोबर निघालं. तुम्ही ते ज्या शब्दांत सांगितलंत त्याचा राग मात्र गेलेला नाही.

सांजवात

मी लोकरीवर भांडू नका म्हणाले होते ना. आता हेच बहिणीला वाचून दाखवलं. म्हणजे नगराध्यक्षाच्या कोटाने त्याला थोडा जास्त वेळ मिळाला होता. तिने विचारलं, "किती?"

चष्मिष्ट

ते उन्हावर, वाऱ्यावर आणि कोटाच्या जाडीवर आहे, नेमकं सांगता येणार नाही. पण कोट नसता तर मिळाला असता त्याहून नक्की जास्त.

पाणचक्की, शाळेचं वाक्य लिहायला नको होतं. आणि काळ्या रंगाचा तुमचा मुद्दा पातळ, अंगाला चिकटलेल्या कापडासाठी खरा आहे, तेही मी आधीच म्हणायला हवं होतं. स्वेटर दोरीवर टांगू नका, ओली लोकर ताणते. सपाट पसरून सावलीत वाळवा.